आधी विचार की आधी वाक्य?

लिहिल्याने विचार स्पष्ट होतो का, या आमच्या वादाला तोंड फोडलं वकिलाने. "विचार डोक्यात होतो, कागदावर नुसता उतरतो. डोक्यात गोंधळ असेल तर कागदावरही गोंधळच येणार."

"येऊ दे ना," मास्तर म्हणाला, "पण तिथे तो दिसतो. डोक्यात एका वेळी चारेक गोष्टी मावतात. पाचवी आली की पहिली निसटते, आणि निसटली हे कळतही नाही."

"हा स्मरणशक्तीचा मुद्दा झाला, विचाराचा नाही," वकील अडून बसला.

मग इंजिनिअरने चेनचा विषय काढला, कपड्यांना असते ती. 2002 साली येल विद्यापीठातल्या रोझेनब्लिट आणि कील यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. चेन, कुलूप, हेलिकॉप्टर या वस्तू कशा चालतात हे आपल्याला किती कळतं, याला लोकांनी आधी 1 ते 7 मध्ये गुण दिले. मग तीच क्रिया पायरीपायरीने लिहून काढली आणि पुन्हा गुण दिले. गुण घसरले. "दात एकमेकांत अडकतात, इथवर कोणीही लिहील. पण उलट ओढल्यावर तेच दात सुटतात कसे? सरकणाऱ्या तुकड्याच्या आत पाचर असते, हे लिहिल्याशिवाय पुढचं वाक्य जमतच नाही."

"हे बोलूनही कळलं असतं," डॉक्टर म्हणाला.

इथे मला मास्तरचंच पटलं. बोलताना समोरचा मान डोलावतो, आपलं अर्धं वाक्य तोच पुरं करतो, उरलेलं हातवाऱ्यांवर निभावतं. कागद मान डोलावत नाही. त्याला कर्ता लागतो, क्रियापद लागतं.

"नुसते मुद्दे काढू नका," मास्तर म्हणाला. मुद्द्यांच्या यादीत दोन गोष्टींमधला संबंध लिहावाच लागत नाही, आणि चूक तिथेच दडते. 10 मिनिटं पूर्ण वाक्यांत लिहायचं, मध्ये काही सुधारायचं नाही. मग प्रत्येक 'म्हणून' आणि 'कारण'भोवती गोल करायचा आणि अलीकडचं पलीकडच्याला खरंच लागू होतं का ते बघायचं.

त्याने वाक्यही दिलं: 'नियोजन नीट नाही, म्हणून काम उशिरा होतं.' कुठलं काम? किती उशिरा? उत्तरं भरत गेलं की वाक्य असं होऊ शकतं: '5 पैकी 3 कामं उशिरा झाली, तिन्ही वेळा माहिती मागवायलाच 4 दिवस गेले.' मग दोष वेळापत्रकाचा उरत नाही, माहिती उशिरा मागवण्याचा ठरतो. 'केलं जाईल', 'ठरवण्यात येईल' अशी वाक्यं तर आधी धरायची, कारण करणारा कोण हे त्यांत हमखास गायब असतं.

वकिलाचा शेवटचा आक्षेप मात्र वजनदार होता: "एकदा लिहिलं की माणूस त्यालाच चिकटतो."

त्यावर डॉक्टरने अमेरिकन शास्त्रज्ञ आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनच्या 1772 मधल्या पत्राची आठवण करून दिली. रसायनशास्त्रज्ञ प्रिस्टलीला निर्णयाची रीत सांगताना तो लिहितो: कागदावर मधोमध रेघ मारायची, एका बाजूला अनुकूल कारणं, दुसऱ्या बाजूला प्रतिकूल. पण एका बैठकीत नाही, तीन-चार दिवस सुचतील तशी. मग दोन्ही बाजूंची सारख्या वजनाची कारणं खोडायची. इकडचं एक तिकडच्या दोनांच्या तोलाचं असेल तर तिन्ही जातात. उरलं ते ज्या बाजूला, तिकडे कौल.

"खोडायचंच आहे तर पेन्सिलीने लिहावं," वकील जरा नरमून म्हणाला.

"पेननेच लिही," मास्तर म्हणाला. "खोडलेलं वाचता आलं पाहिजे. का खोडलं, हे चौथ्या दिवशी पुन्हा तपासायला लागतं."