दादींची रल्ली बोहारणीला गेली

सकाळपासून डोकं फिरलंय. आमची उल्हासनगरची जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, शेजारी आवराआवर चाललीय. सहज विचारलं, तुमच्या दादींची (शेजारच्या सिंधी आजींची) रल्ली कुठे ठेवलीत? त्यांची सून म्हणाली, "ती फाटकी होय? बोहारणीला दिली. पातेलं आलं त्यावर."

पातेलं!

रल्ली म्हणजे सिंधी गोधडी. दादी नऊ वर्षांच्या असताना कराचीहून बोटीनं मुंबईला आल्या, तेव्हा त्यांच्या आईनं तिच्यात भांडी बांधून आणलेली. इथल्या निर्वासितांच्या कॅम्पातल्या बराकीत दोन कुटुंबांच्या मध्ये पडदा म्हणून तीच टांगली. दोरी ओवायला वरच्या काठाला भोकं पाडली होती. पुढे संसार मार्गी लागल्यावर दादींनी त्या भोकांना लाल दोऱ्यानं काजं केली, बुजवली मात्र नाहीत. लहानपणी त्यात बोटं घालून मी किती खेळलेय.

मागच्या वर्षी अमृतसरला गेले होते. टाउन हॉलमध्ये फाळणीचं संग्रहालय आहे. २०१६ मध्ये थोडी दालनं उघडली, ऑगस्ट २०१७ मध्ये पूर्ण झालं, २०२३ मध्ये दिल्लीत दारा शुकोह वाचनालयाच्या इमारतीत दुसरं उभं राहिलं. सरकारनं जागा दिली हे खरंच. पण ते वाढलं कशावर? लोकांनी आपल्या घरातून आणून दिलेल्या वस्तूंवर, म्हाताऱ्यांनी बसून सांगितलेल्या आठवणींवर. तिथे एक फुलकारीचा कोट आहे आणि एक चामड्याची बॅग. कोट तिचा, बॅग त्याची. फाळणीआधी लग्नाची बोलणी झालेली, मग ताटातूट, आणि अमृतसरच्या निर्वासित छावणीत पुन्हा गाठ पडून लग्न. त्यांच्या घरच्यांनी तो कोट बोहारणीला दिला असता तर?

त्या काचेसमोर उभी राहून मी रल्लीचाच विचार करत होते. परत आल्यावर बोलायला हवं होतं. नाही बोलले.

पंजाब निदान अर्धा तरी इकडे राहिला. सिंध्यांचा अख्खा प्रांत गेला. लष्कराच्या रिकाम्या छावण्यांत सुमारे लाखभर माणसं येऊन पडली आणि ८ ऑगस्ट १९४९ ला तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजाजी यांनी तिथे उल्हासनगरची पायाभरणी केली. आज तिथून आपण जीन्स आणतो, फर्निचर आणतो, आणि "उल्हासनगरचा माल" म्हणून नाकं मुरडतो. दिल्लीत सिंधचं वेगळं दालन झालंय, मान्य. पण ज्या बराकीत ती रल्ली टांगली होती ती इथे होती ना? मग एक खोली इथे नको? महापालिकेची एखादी बंद पडलेली शाळा चालेल. आम्ही झाडू मारू, आळीपाळीनं बसू.

सुनेवर मघाशी फार चिडले. तिचंही चुकलं कुठे म्हणा. भाड्याच्या वन बीएचकेत पाच माणसं, त्यात कसर लागलेली गोधडी ठेवणार कुठे? आणि ती काजं कसली ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मला माहीत होतं. दादी जाऊन सहा वर्षं झाली, सहा वर्षं मी शेजारीच होते.

उल्हासनगरच्या कॅम्प तीन भागात गुरुवारी येणारी बोहारीण कुणाच्या ओळखीची असेल तर मला इनबॉक्स करा. पातेली हवी तेवढी देते. हिरव्या-पिवळ्या तुकड्यांची रल्ली आहे, वरच्या काठाला लाल दोऱ्याची सात काजं.