उलटं आहे म्हणजे बरोबर आहे

सर्किट बोर्ड काढायचं काम आमच्याकडच्या पोराचं आणि फॅक्टरीत पाठवण्याआधी तपासायचं माझं. म्हणजे कौतुक त्याचं, शिव्या मला. अंबडच्या आमच्या शेडमध्ये सध्या द्राक्षबागेच्या ठिबकचा कंट्रोलर चाललाय आणि मला उठता-बसता काळाराम आठवतोय.

पोरगा खूश होता. "सर, डीआरसी केलं, शून्य एरर!" डीआरसी म्हणजे डिझाइन नियमात बसतंय का, याची सॉफ्टवेअरने केलेली तपासणी. त्याला विचाराल तर दोन ट्रॅकमध्ये (तांब्याच्या रेघांमध्ये) ०.१५ मिमी अंतर आहे की नाही, भोक कडेला भिडलं नाही ना, एवढंच तो सांगणार. व्होल्टेज बांधून ठेवणाऱ्या रेग्युलेटरचे पाय उलटे जोडलेत? नियमाप्रमाणे उलटे आहेत ना, मग त्याची हरकत नाही.

या रेग्युलेटरांचं तर विचारूच नका. ७८०५ समोर धरला तर डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. त्याचा धाकटा भाऊ ७८एल०५, सपाट बाजू आपल्याकडे केली की आउटपुट, ग्राउंड, इनपुट. दोघेही पाच व्होल्टच देणार, पण तोंडं विरुद्ध दिशांना. (जमिनीचा वाद असावा.)

म्हणून माझा भरवसा कागदावर. डिझाइन एकास एक छापायचं, थर्माकोलवर चिकटवायचं आणि खरे पार्ट त्यात खुपसून बघायचे. प्रिंटरला 'फिट टू पेज'चा भारी सोस, तेव्हा आधी पट्टी लावायची. कनेक्टर २.५४ मिमी पिचचा (दोन पिनांमधल्या अंतराचा) की २.५ चा, हे दोन पिनांत कळतच नाही. दहा पिनांचा असला की शेवटच्या पिनेपर्यंत ०.३६ मिमीचा फरक साचतो आणि पिन भोकाच्या काठावर हटून बसते.

तो थर्माकोल असेंब्लीच्या मावशींसमोर ठेवला. "मला काय कळतंय त्यातलं," म्हणत त्यांनी चष्मा पुसला.

"दादा, स्क्रूला खेटून हा एवढा उंच कपॅसिटर. पेचकस कुठून घालू, तुमच्या डोक्यातून?"

पोरगा गप्प.

"आणि प्लसची खूण पार्टाच्या पोटाखाली छापलीय. पार्ट बसला की कुणाला दिसणार ती?"

खूण बाहेर आली, कपॅसिटर सरकला. तो सरकला म्हणून खालचे ट्रॅक सरकले, ग्राउंडचं तांबं नव्याने भरावं लागलं आणि तपासणी पुन्हा श्रीगणेशापासून.

शेवटी गर्बर फाइली, म्हणजे फॅक्टरीला द्यायची बोर्डाच्या एकेका थराची चित्रं. वरचं तांबं, खालचं तांबं, मास्क (वरचा रंगीत लेप), सिल्कस्क्रीन (छापायची अक्षरं-खुणा), बोर्डाची कड, ड्रिल. एकेक थर व्ह्यूअरमध्ये उघडायचा. खालच्या बाजूची अक्षरं वरून बघताना उलटी दिसायला हवीत. सरळ दिसली तर घोटाळा. पोरगा दरवेळी ती सरळ करायला धावतो आणि मी माऊस धरून ठेवतो.

जाडी १.६ मिमी, रंग हिरवा, झिप तयार. तेवढ्यात पिंपळगावहून बागायतदारांचा फोन.

"साहेब, बोर्ड गेला का छापायला?"

"आत्ता पाठवतोय."

"थांबा थांबा, बरं झालं. ठरलेला डबा बाजारात मिळंना, मी दुसरा घेतलाय. जरासा लहान आहे."

"जरासा म्हणजे किती?"

"बोटभर. तुम्ही नका टेन्शन घेऊ, पाठवा तसाच. कोपरे घासून घेऊ की, कानस आहे आपल्याकडं."