रात्र हवी, अंधार नको

"नाइट व्ह्यू द्या, पण अंधार नको," एवढं बोलून बिल्डरसाहेबांनी फोन ठेवला.

मी थ्रीडी व्ह्यू काढतो. वाकडच्या ज्या प्लॉटवर आज बाभळी आणि दोन म्हशी आहेत, तिथे बारा मजले, हिरवळ आणि कुत्रा फिरवणारी एक बाई उभी करणं हा माझा धंदा.

गवत पेरायला प्लगइन आहे. बटण दाबलं, हिरवळ उगवली, स्विमिंग पूलमध्येसुद्धा. पूल वगळायचा राहिला होता. मग झाडं. एकच झाड चाळीसदा लावलं की चाळीस जुळे एकाच बाजूला मान टाकून उभे राहतात, म्हणून प्रत्येकाला वेगळं वळवायचं, उंची 80 ते 120 टक्क्यांत खालीवर करायची. लायब्ररीतली झाडं युरोपातली. कडुनिंब मिळाला, पण त्याच्या पानापानाने रॅम खाल्ली आणि मॅक्सने, म्हणजे माझ्या थ्रीडी सॉफ्टवेअरने, मान टाकली. मुकाट पांढऱ्या बुंध्यांचे बर्च लावले. साहेबांचे वडील स्क्रीनला नाक लावून म्हणाले, "बुंध्यांना चुना मारलाय. झाडं नगरपालिकेची का रे?"

दिवसा बरं, एक सूर्य लावला की भागतं. रात्री दिवा न् दिवा हाताने लावायचा. सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटं आभाळ निळंशार असतं, ती वेळ धरली. भिंतीवर झोत खरे पडावेत म्हणून आयईएस फायली जोडल्या; कुठल्या दिव्याचा उजेड कसा पसरतो ते त्यांत असतं. सगळ्या खिडक्या उजळल्यावर मात्र इमारत लग्नाचं कार्यालय दिसायला लागली. मग निम्म्या विझवल्या, बाकीच्यांत 3000 केल्विनचा पिवळा उजेड ठेवला आणि चौथ्या मजल्यावर एकच 6500 ची पांढरीफटक ट्यूबलाइट. अशी एक प्रत्येक सोसायटीत असतेच. मला ती फार आवडली होती.

"ह्या फ्लॅटचं काय बिनसलंय?" साहेब म्हणाले. "आणि हे अंधारे? विकले गेले नाहीत असं वाटतं. सगळे लावा!"

लावले. रेंडर टाकून, म्हणजे चित्र पक्कं करायचं काम कॉम्प्युटरवर सोडून, झोपलो. नऊ तासांनी बघतो तर गेटच्या चकचकीत ग्रॅनाइटवर पांढऱ्या ठिपक्यांची खिरापत. आमच्यात ह्यांना 'फायरफ्लाय' म्हणतात. काजवे नव्हेत, ठिपक्याठिपक्याला उजेड मोजताना सॅम्पल, म्हणजे प्रकाशकिरणांचे नमुने, कमी पडल्याची पावती. परत रेंडर लावायला वेळ नव्हता, तसंच दाखवलं.

साहेब बराच वेळ गेटकडेच बघत राहिले.

"हा चमचमणारा दगड कुठला हो?"

आर्किटेक्टांनी माझ्याकडे पाहिलं.

"इम्पोर्टेड आहे," मी म्हणालो.