वधूवर मंडळ, मुक्काम पोस्ट विद्यापीठ

तुमच्या वधूवर सूचक मंडळाची वेबसाइट काढताय? मग महिन्याला दोन-तीनशे रुपये मोजून कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर जागा घेण्याचा करंटेपणा करू नका. सरळ विद्यापीठ गाठा, साइट त्यांच्या सर्व्हर रूममध्येच ठेवा. अध्यक्षांचं कुणी ना कुणी व्यवस्थापन परिषदेवर असतंच. नसेल तर व्याही तरी असतात.

ओळखीचा संकोच कशाला? १९८६ मध्ये अर्नेट, म्हणजे शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणारं सरकारी जाळं, सुरू झालं तेव्हा त्यात मोजून आठ ठिकाणं होती, पाच आयआयटी आणि जुहूची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था धरून. व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीनं सामान्यांना इंटरनेट दिलं ते १५ ऑगस्ट १९९५ला. मधली नऊ वर्षं ज्याचा मामा प्राध्यापक, त्याचाच ईमेल. तुम्ही फक्त परंपरा चालवताय.

'एसी डॉट इन' हा पत्ता शिक्षणसंस्थांनाच मिळतो, तोही अर्नेटमार्फत. मंडळाला तो कोण देणार? पण विद्यापीठाच्या नावाआधी 'वधूवर डॉट' जोडायला त्यांच्या नेमसर्व्हरवर, म्हणजे पत्त्यांच्या वहीत, एक ओळ पुरते. एवढ्यावर स्थळाकडची मंडळी मुलगा उच्चशिक्षित धरून चालतात.

सामंजस्य करार करा, शाल-श्रीफळाचा फोटो काढा आणि मग सर्व्हर रूम बघून या. चपला बाहेर. आत दोन एसी, एक गळका, त्याच्याखाली बादली, बादलीला खेटून तुमचा सर्व्हर. त्यावर स्केचपेननं 'बंद करू नये', आणि खाली वेगळ्या अक्षरात 'कोणीही'. पासवर्ड ज्याला ठाऊक आहे तो मुलगा ११ महिन्यांच्या करारावर आहे. बाराव्या महिन्यात साइटवर काही बदलायचं मनातही आणू नका.

मध्येच ब्राउझर 'साइट सुरक्षित नाही' म्हणू लागेल. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली, एवढंच. ते फुकट मिळतं, नूतनीकरणही आपोआप होतं. पण फुकट वस्तूची तीन कोटेशनं कुठून आणायची? फाइल लेखा विभागात त्याच विचारात पडून आहे.

आणि एखाद्या सकाळी गूगलवर मंडळाचं नाव टाकाल तर खाली ऑनलाइन रमी आणि सट्टा. एसी डॉट इनला गूगलकडे मान आहे, हे जुगारवाल्यांना तुमच्याआधी कळलेलं असतं. त्यांनी घुसवलेली पानं बहुधा गूगललाच दिसतात. साइट उघडून पाहाल तर सनई-चौघडे जागच्या जागी. तक्रार जरूर करा. 'आमच्याकडे तर नीट दिसतंय' हे उत्तर तिथं तयारच असतं.

निकालाच्या दिवशी मात्र साइटची आशा सोडा. सगळी मुलं त्याच सर्व्हरवर तुटून पडतात. निकाल उघडत नाही म्हणून चाचपडत काही जण मंडळाच्या नंबरापर्यंत पोचतील आणि विचारतील, "सर, माझा एटीकेटीचा निकाल राखीव का दाखवतोय?" चिडू नका. वय विचारा. एकवीस पूर्ण असेल तर बायोडाटा मागवून घ्या.