जपानी मेटल आणि आमची चिऱ्याची भिंत : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया येऊन आठवडा झाला. उत्तराला उशीर केला, कारण तिच्यातील काही वाक्ये मला झोंबली आणि ती खोटी म्हणून झोंबली की खरी म्हणून, हे आधी स्वतःशी तपासणे भाग होते.

आपले म्हणणे थोडक्यात असे : चित्रकला शिक्षकाने कर्कश जपानी मेटल (म्हणजे रॉक संगीताचा एक जड प्रकार) ऐकावे हे एक वेळ चालेल, पण शब्द न कळता त्याची आवड मिरवणे हे ढोंग आहे; तीच आवड शाळेच्या कुंपणभिंतीवर उतरवून मुलांकडून फुकट रंगकाम करून घेणे त्याहून वाईट; आणि एवढे करून त्या भिंतीचे पोपडे पडू लागले आहेतच.

शब्दांविषयी फार बोलत नाही. तराण्यातील बोलांचा अर्थ लागेना म्हणून मैफलीतून कोणी उठून गेल्याचे मी पाहिलेले नाही. मी सर्वाधिक ऐकतो ते निंगेन इसू हे त्रिकूट हिरोसाकी येथील दोन शाळासोबत्यांनी १९८७ साली सुरू केले. हिरोसाकी हे होन्शू बेटाच्या उत्तर टोकाकडील आओमोरी प्रांतात येते. यांच्या गाण्यांत तिकडच्या त्सुगारू बोलीचा ठसका असतो आणि ती बोली टोक्योच्या माणसालाही सहजासहजी उमगत नाही. आपले मालवणी गाऱ्हाणे पुण्यात ऐकवले तर जे होईल, तेच तिथे होते. न कळणाऱ्यांत मी एकटा नाही.

‘कर्कश’ या शब्दापाशी मात्र थांबले पाहिजे, कारण तिथे आपला आणि माझा कान खरोखर वेगळा होतो. विजेच्या गिटारचा आवाज ध्वनिवर्धकाला पेलवेल त्यापेक्षा मोठा केला की त्याच्या लहरींचे माथे कापले जातात आणि मूळ स्वरात नसलेले किंवा जेमतेम असलेले वरचे उपस्वर त्यात उगवतात. त्या दाट नादात षड्जाबरोबर गांधार धरला तर सारे गढूळ होते, षड्ज-पंचम मात्र स्वच्छ राहतात. म्हणून मेटलमध्ये गिटारवर मुख्यतः सा-प ही जोडीच वाजते. माझे वडील तंबोऱ्याची जवारी लावताना घोडीवरचा दोरा कणाकणाने सरकवत. तो नेमक्या जागी आला की तोवर मुकी असलेली तार एकाएकी गुंजू लागे, आणि मी ते डोळे मिटून ऐकत असे. पुढे पहिल्यांदा मेटलची गिटार कानावर पडली, तेव्हा ती मला परकी वाटली नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. दोन्ही गोष्टी एकच आहेत असा माझा दावा नाही. एक तार घोडीला घासून गुंजते, दुसरीचा आवाज उपकरणात कापला जातो.

जपानी संगीतात हा धागा अधिकच जवळ येतो. शामिसेन या तीन तारांच्या वाद्यात सर्वांत जाड तारेला मुद्दाम झणक दिलेली असते आणि तिला ‘सावारी’ म्हणतात. (जवारी आणि सावारी यांच्या नावांतील साम्यावर व्युत्पत्तीचे मनोरे रचू नयेत, अशी विनंती आधीच करून ठेवतो.) त्सुगारू प्रदेशात अंध भटक्या वादकांनी दारोदार वाजवून या वाद्याची एक आक्रमक शैली घडवली, ज्यात वाजवायची पट्टी तारेबरोबर वाद्याच्या कातड्यावरही आपटते आणि सूर व ठेका एकाच हाताने निघतात. निंगेन इसूचे गिटारवादक वाजिमा शिंजी हाच आघात गिटारवर आणतात. शिवाय मियाको-बुशी ही तिकडची पारंपरिक स्वररचना पेटीवर वाजवून पाहावी : सा, कोमल रे, शुद्ध म, प, कोमल ध. चलन निराळे आहे, पण स्वर आपल्या गुणकली रागाचे आहेत.

आता भिंत. बसथांब्याकडच्या टोकाला आपल्याला जो ‘जपानी राक्षस’ दिसला, तो आमच्या दशावतारातील संकासुर आहे. आठवीच्या मुलांनी समोरच्या घरांत जाऊन ‘रोज काय पाहायला आवडेल’ असे विचारले, त्यात तो आणि ओहोटीच्या वेळची खाडी ही दोन उत्तरे पुन्हा पुन्हा आली. मी फक्त चौकोन आखून कच्चे चित्र मोठे कसे करायचे ते शिकवले. माझ्या आवडीतील एकही रेषा त्या भिंतीवर नाही, कारण मी त्या भिंतीसमोरून घरी निघून जातो, आणि समोरच्यांना ती सकाळी दार उघडताच दिसते.

आवाजाच्या बाबतीत मात्र आपण बरोबर आहात. रंगकामाच्या दुसऱ्या दिवशी मुलांच्या आग्रहावरून मी रस्त्यावर स्पीकर लावला होता. समोरच्या एका आजीने तो बंद करायला सांगितला, तोही दुपारनंतर, म्हणजे तिने अर्धा दिवस सोसले. भिंतीवरची निवड विचारून केली आणि रस्त्यावरच्या आवाजाबद्दल कोणालाच विचारले नाही, ही विसंगती माझीच.

फुकट श्रमांचा प्रश्नही झटकून टाकण्यासारखा नाही. लॉस एंजेलिसमध्ये ज्युडिथ बाका यांनी १९७६ पासून पूरनियंत्रण कालव्याच्या भिंतीवर सुमारे ८४० मीटर लांबीचे चित्र करवून घेतले. त्यात चारशेहून अधिक तरुण राबले आणि त्यांना त्याचे वेतन मिळाले. आमच्याकडे वेतन नव्हते. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर, पालकांच्या संमतीने, ज्यांना यायचे ते आले. आठवीच्या खालच्या कोणालाही परांचीवर चढू दिले नाही. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेचा सराव बुडाला, असे आपण म्हणता, तो बुधवारी होतो आणि तसाच चालू आहे. मुलांची नावे भिंतीच्या खालच्या पट्ट्यात आहेत; माझे नाही.

राहिले पोपडे. चिरा, म्हणजे जांभ्याचा दगड, पावसाचे पाणी किती काळ धरून ठेवतो, हे या भागात जन्मून मला कळायला हवे होते. आम्ही नोव्हेंबरात, वरचा गिलावा हाताला कोरडा लागला म्हणून प्रायमर मारला आणि आतली ओल रंगाला घेऊन बाहेर आली. चित्रातल्या खाडीचा खालचा हात-दीड हात भाग त्यामुळे गेला आहे. तो खरवडून ठेवला आहे, आणि फेब्रुवारी अर्धा उलटेपर्यंत त्यावर ब्रश लागणार नाही.