आठ डॉलरचा पाय

शनिवारी वॉशिंग्टनच्या एफ स्ट्रीटवर, जुन्या पेन्शन बिल्डिंगसमोर कट्टा भरला. भिंतीवरचे भाजक्या मातीचे सैनिक बघून मकरंदने तोंड उघडलं.

"१८९३ साली सरकारच्या खर्चातला जवळजवळ चाळीस टक्के माजी सैनिकांच्या पेन्शनवर! अमेरिकेचं यादवी युद्ध संपलं १८६५ ला, आणि यांचे गुडघे दुखायला लागले १८९० ला!"

"मक्या, १८६२ च्या कायद्यात पूर्ण अपंग शिपायाला महिना आठ डॉलर होते, लेफ्टनंट कर्नलला तीस," शुभाताई म्हणाली. "पाय दोघांचा सारखाच गेलेला."

"पण खोटे अर्ज..."

"हात गेलेल्याकडे दाखवायला थोटूक होतं. छावणीच्या पाण्याने लागलेले जुलाब वीस वर्षं थांबले नाहीत, तर त्याने काय दाखवायचं? आधी शपथेवर अर्ज. मग वॉर डिपार्टमेंट हजेरीपट तपासणार. दुखणं नोकरीतच जडलं हे सांगायला कंपनीचा अधिकारी, नाहीतर दोन साथीदार हवेत. अधिकारी लढाईत मेलेला, साथीदार कॅन्ससला शेती करायला गेलेले. आणि ज्याने दुखणं अंगावर काढलं, इस्पितळाची पायरी चढलाच नाही, त्याची कुठे नोंदच नाही. जितका चिवट, तितका पुरावा कमी!"

मला विचाराल तर सगळा अन्याय या एका वाक्यात आला.

अण्णांनी डॉक्टरांचं सांगितलं. तीन जणांचं मंडळ तपासायचं आणि अपंगत्व अठरांशात मोजायचं, कारण हात किंवा पाय गेल्याइतक्या अपंगत्वाला १८७२ पासून अठरा डॉलर होते.

"रुपयाचे सोळा आणे, तसे पायाचे अठरा!" मंदार म्हणाला.

मकरंद हटेना. "१८७९ ला फौजेतून सुटल्यापासूनची थकबाकी मंजूर झाली आणि अर्जांचा पूर आला. त्याचं काय?"

"पूर आला म्हणून पाऊस खोटा ठरतो का रे?" ताईने पश्चिमेच्या दरवाज्याकडे बोट केलं. तिथे गाडी हाकणारा काळा माणूस कोरलाय. "गुलामीतून सुटलेल्याने फौजेत मालकाचं आडनाव लावलं, नंतर बापाचं. आता हा तोच माणूस, हे कोण सांगणार? जन्माची नोंद नाही. गुलामांचं लग्न कायद्याला मान्यच नव्हतं, मग विधवेने कागद आणायचा कुठून?"

थोडा वेळ कोणी बोललं नाही.

"१८९० ला दुखणं युद्धातलंच हवं ही अट गेली," अण्णा म्हणाले. "नव्वद दिवस नोकरी, सन्मानाने सुटका आणि अंगमेहनत होत नाही, एवढं पुरे. सहा ते बारा डॉलर."

"बघा! म्हणजे कोणीही उठावं आणि..."

"गणपतीत खुर्च्या उचलायच्या वेळी तुझी पाठ धरली होती ना?" ताई म्हणाली. "आण दोन साक्षीदार!"

मकरंदने मंदारकडे पाहिलं. मंदार सैनिक मोजायला लागला.

"तीन-अठरांश," अण्णांनी निकाल दिला, आणि खुद्द मकरंदलाच हसू आवरेना.