दोन पायांवर उभा राहिलेला बोका मांजर उरतो का?

वाद पेटवला पक्याने. "'टॉम अँड जेरी'तला टॉम मांजर नाहीच. हातात काठी घेतो, दोन पायांवर धावतो. शेपूट लावलेला माणूस आहे तो."

"1940 चा पहिला लघुपट बघ, 'पस गेट्स द बूट'," अण्णा म्हणाला. "त्यात त्याचं नावही टॉम नव्हतं, जॅस्पर होतं. बराच वेळ चार पायांवर, आणि अंगभर केसांच्या रेघा. पुढे त्या रेघा कमी होत गेल्या. सात मिनिटांचा पट म्हणजे सेकंदाला 24 प्रमाणे 10,080 फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी पाच हजारांवर चित्रं. प्रत्येकात तीच रेघ त्याच जागी आली नाही, तर पडद्यावर अंग सतत थरथरतं. म्हणून गुळगुळीत टॉम."

"आणि दोन पाय?"

सुमी कधीची थांबली होती. "चार पायांची चाल काढून बघ, मग बोल. क्रम असा: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. 24 फ्रेमचं आवर्तन धरलं तर दर 6 फ्रेमला एक पाऊल टेकतं. नवशिके तिरक्या जोडीचे पाय, म्हणजे डावा मागचा आणि उजवा पुढचा, एकदम उचलतात. ती दुडकी चाल झाली, मग मांजर चावीच्या खेळण्यासारखं दिसतं. पुढच्या पंजावर भार आला की त्या बाजूचं खांद्याचं हाड पाठीच्या वर यायला हवं. डोकं मात्र जवळजवळ एका पातळीत. मागचा पंजा पुढच्याच्या ठशावर किंवा अगदी शेजारी पडतो. हे सगळं सांभाळून उंदराला तवा कोणत्या हाताने मारणार?"

"म्हणजे सोयीसाठी मांजरपण सोडलं," पक्या.

"सोडलं नाही, वेळेत ठेवलं. दबा धरताना टॉम 12-16 फ्रेम जवळजवळ गोठतो, फक्त बूड हलतं. मग झेप दोन-तीन चित्रांत संपते. थांबण्याचा वेळ कापलास की झेपेतली जानच जाते. तो फारसा बोलत नाही, म्हणून हे दिसतं. किंकाळी तेवढी त्याच्या जनकांपैकी एक, विल्यम हॅनांच्या आवाजातली."

टीव्हीवर गणित बदललं, यावर तिघांचं एकमत झालं. हॅना आणि त्यांचे जोडीदार जोसेफ बार्बेरा यांनी 1957 मध्ये टीव्हीसाठी स्टुडिओ काढला, तेव्हा पैसा आणि वेळ दोन्ही तुटपुंजे. 1958 च्या मिस्टर जिंक्स बोक्याच्या गळ्यातला बो टाय बघा. डोकं वेगळ्या सेलवर (चित्र काढायचा पारदर्शक ताव), धड वेगळ्या सेलवर, आणि जोड टायखाली लपतो. धड तेच ठेवायचं, तोंड तेवढं बदलायचं. 1961 च्या 'टॉप कॅट'मध्ये तर सगळी मदार संवादांवर.

"पण त्यातूनच स्वभाव येतो ना!" पक्या हटेना. "'गारफील्ड अँड फ्रेंड्स' घे, 1988. लोरेन्झो म्युझिक या कलाकाराचा तो संथ आवाज ऐकू येतो, पण गारफील्डचं तोंड हलत नाही. ओठ जुळवायची चित्रं वाचली आणि मांजराचा तुटकपणाही राहिला."

यावर सुमीने मान्य केलं, हा नमुना उत्तम. 'सबरीना'मधल्या सेलम या बोलक्या बोक्यावर मात्र ती खूश नव्हती. 1996 च्या त्या मालिकेत खरी मांजरं आणि यांत्रिक बाहुला आलटून पालटून वापरलेत. चालणं-उडी मारणं खऱ्यांकडे, बोलणं बाहुल्याकडे. "खऱ्या मांजराचे कान सतत फिरतात, दोन्ही वेगवेगळे. बाहुल्याचे तसे फिरत नाहीत. शॉट लांबला की लगेच कळतं."

"मग डोरेमॉन? कानच नाहीत," पक्याने शेवटचा पत्ता टाकला. "उंची 129.3 सेंटिमीटर, वजन 129.3 किलो. हे मांजर?"

"कान उंदराने कुरतडले, म्हणून उंदराला घाबरतो," सुमी म्हणाली. "तो मांजर नसता तर त्या भीतीत गंमत कुठली? तिथे मांजरपण गोष्टीत आहे, अंगात नाही."

"तेच तर म्हणतोय मी, अंगात नाही!"

"डोरेमॉनच्या. टॉमच्या आहे."